सोयराआत्याचा टीव्हीवरचा खून

आमच्या आत्याचा खून करायचा हे एका मंगळवारी सकाळी उप्पिट्टू खाता खाता सर्वांच्या संमतीने ठरलं. ठराव खुद्द आत्यानेच मांडला. माझी बायको नयना हिने अनुमोदन दिलं. शेजारचे हयवदनराव उप्पिट्टूच्या वासाने आले होते, पण पेपर मागायला आलो असं सांगत होते. त्यांनी राहुकाळ टाळून मुहूर्त काढून दिला. विरोधी मत एकट्या माझं होतं. घरात माझ्या मताची नोंद घेतली जाते आणि पुढच्या विषयाकडे वळलं जातं.

आमचं घराणं गुन्हेगारी वळणाचं आहे असा गैरसमज होण्याआधी खुलासा करतो. सोयराआत्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पार पिकला होता. उजवा डोळा आधीच नावापुरता उरलेला. डॉक्टर शिवानी स्पष्ट म्हणाल्या होत्या, "ऑपरेशन लांबवलंत तर दाब वाढून डोळा कायमचा जाईल, मग ऑपरेशनचाही उपयोग नाही." आत्या तयार झाली. तारीख ठरली, मी रजा टाकली. आणि आदल्या दिवशी गच्चीवर संडगे घालत असताना आत्याच्या डोक्यावर कावळा बसला.

नुसता बसला असता तरी एक वेळ मी मिटवून घेतलं असतं. तो चांगला ऐसपैस बसला, त्याने अंबाड्यात चोच खुपसली आणि एक संडगा घेऊन गेला. आत्या खाली आली ती थेट देवासमोर बसली आणि म्हणाली, "उमाजी, डोक्यावर कावळा बसलेल्या बाईने ऑपरेशनच्या टेबलावर आडवं व्हायचं नसतं. मी उठायची नाही बघ."

डोक्यावर कावळा बसणं म्हणजे वरचं बोलावणं, असं आमच्याकडे मानतात. त्याला उताराही आहे. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी नातेवाइकांना कळवायची. ते बिचारे रडले, की मरण झालं असं धरलं जातं आणि यमाच्या दरबारी प्रकरण निकाली निघतं. मी स्वतः असल्या गोष्टी मानत नाही. मी एका सरकारी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये आहे, आणि वरून आलेलं कुठलंही बोलावणं तीन सह्यांशिवाय पुढे सरकत नाही हा माझा अनुभव आहे. पण आत्याला हे पटवणार कोण? मी चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून या बाईने मला वाढवलं. ती माझं ऐकत नाही, कारण मी तिला अजून चार वर्षांचाच वाटतो.

तेव्हा आनेकलला माझा चुलतभाऊ गिरीराज याला तार केली: सोयराआत्या वारली. संध्याकाळी हयवदनरावांच्या घरी गिरीराजचा फोन आला.

"उमाजीअण्णा, तार मिळाली," तो अगदी ताज्या आवाजात म्हणाला. "कावळा डोक्यावर बसला की खांद्यावर?"

यात त्याचा दोष नाही. आमची माणसं शहाजीराजांच्या काळापासून इकडे कानडी मुलखात आहेत, आणि दरम्यान आमच्या नात्यात इतकी माणसं खोटी मेली आहेत, की कोणी खरंच मेलं तरी लोक आधी कावळ्याची चौकशी करतात. दुसऱ्या दिवशी गिरीराज बायकामुलांसह आणि एक भलामोठा फणस घेऊन आत्याला 'शेवटचं' बघायला आला. आत्याने त्यांना पोळ्या करून वाढल्या. रडण्याचं नावही कोणी काढलं नाही, आणि जाण्याचंही नाही.

हयवदनराव रेल्वेतून निवृत्त झालेले. नियमांशिवाय त्यांना झोप येत नाही. त्यांनी निवाडा दिला, "नुसती बातमी उपयोगाची नाही, राव. रडायला पाहिजे. रक्ताच्या माणसाने, मनापासून. स्वल्प रडलं तरी चालतं, पण डोळ्यातून पाणी यायलाच पाहिजे."

डॉक्टरांनी डोळ्यात घालायला थेंब दिले आणि बजावलं, "यावर थोडे दिवस काढता येतील. फार नाही." आत्या भिंतीला हात लावून चालायला लागली होती. स्वयंपाकघरात मीठ समजून साखर घालत होती आणि वर "काय चुकलं?" असं विचारत होती. नयना आणि मी मुकाट्याने गोड सार भुरकायचो.

अशा वेळी आमच्या मराठी मंडळात मल्हार नावाचा एक तरुण दिग्दर्शक उगवला. मी मंडळाचा चिटणीस, त्यामुळे पुण्यामुंबईहून आलेला मनुष्य आधी माझ्याकडे येतो आणि मग दुसऱ्या कोणाकडे तरी जातो. मल्हार पुण्याचा. गुप्तहेर दिनमणींच्या जुन्या रहस्यकथांवर तो मराठी चॅनेलसाठी मालिका करत होता. दर भागात एक खून आणि त्याच भागात उलगडा.

दिनमणी म्हणजे आमच्या आत्याचं दैवत. फेटा, चांदीच्या मुठीची काठी, तपकिरीची डबी. गुन्हेगाराला पकडताना आधी त्याची क्षमा मागणारा सभ्य मनुष्य. आत्याने त्या कादंबऱ्या इतक्या वेळा वाचल्या होत्या की पानं सुटली होती. नजर गेल्यापासून ती पुस्तक नुसतं मांडीवर घेऊन बसायची आणि पाठ म्हटल्यासारखं पान उलटायची.

"आम्ही ते सगळं अपडेट केलंय," मल्हारने सांगितलं. "क्लासिक आहे, पण आजचं वाटलं पाहिजे. आमचा दिनमणी जीन्स घालतो. त्याच्याकडे पेजर आहे. ओरिजिनलमध्ये एका म्हाताऱ्या जहागीरदाराला दुधातून विष घालतात ना, तो आता व्हाइटफील्डच्या सॉफ्टवेअर कंपनीचा चेअरमन आहे."

मी घरी येऊन हे गंमत म्हणून सांगितलं. आत्याने मांडीवरचं पुस्तक मिटलं. मग त्या मंगळवारी सकाळी ताटली बाजूला सारून म्हणाली, "तारेवर कोणी विश्वास ठेवत नाही. टीव्हीवर मेले तर सगळे डोळ्यांनी बघतील. मग रडतील. त्या पोराला सांग, जहागीरदाराऐवजी मला मार."

असा तो खून ठरला.

मी इस्त्रीचा शर्ट घालून मल्हारला भेटायला गेलो. गणेशोत्सवातल्या नाटकांत मी सलग अकरा वर्षं राजाचं काम केलेलं आहे, हे मी सहज, विषयाच्या ओघात, तीनदा सांगितलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, चेअरमन नाही तर निदान इन्स्पेक्टर तरी.

"काका, तुम्ही नको," तो म्हणाला. "तुमचा चेहरा फार... सतत काहीतरी करतो. पण आत्यांचा फोटो आहे?"

फोटो पाहून तो खुर्चीतून उठलाच. लेडी चेअरमन! व्हॉट अ फेस! एवढी ग्रेसफुल डेड बॉडी त्याला मुंबईतही मिळाली नसती म्हणे. आत्याची निवड तिथेच झाली. मला सेटवर यायची परवानगी मिळाली, ती आत्याची चप्पल सांभाळण्याच्या अटीवर. अकरा वर्षांचा राजा मी. चप्पल घेऊन उभा राहिलो.

शूटिंग व्हाइटफील्डच्या एका भाड्याच्या बंगल्यात होतं. आत्याला रेशमी साडी नेसवली, मोत्यांची माळ घातली, विष चढल्याचं दिसावं म्हणून ओठ निळे केले आणि सोफ्यावर झोपवलं. समोर कलंडलेला कॉफीचा कप. दिनमणी झालेला नट गॉगल डोक्यावर चढवून आला, कप हुंगला आणि म्हणाला, "सायनाइड."

"दुधातून घातलं होतं," प्रेत म्हणालं.

"कट!" मल्हार ओरडला. "आजी, तुम्ही मेला आहात."

"मेले ते कबूल आहे रे बाळा. पण कॉफीतून कशी मेले? पुस्तकात दूध आहे. आणि सायनाइड नव्हे, धोतऱ्याचं बी."

पुढल्या वेळी दिनमणीने संशयित मंडळींना दरडावलं, तेव्हा प्रेताने डोळे न उघडता सुनावलं, की दिनमणी अशा आवाजात बोलत नाहीत, ते आधी "क्षमा असावी" म्हणतात. त्याच्या पुढल्या वेळी प्रेताला शिंक आली. मग मल्हार सोफ्याजवळ गुडघे टेकून बसला. त्याची नि आत्याची बराच वेळ बोलणी झाली, आणि अखेर तह झाला: विष कॉफीतूनच, पण दिनमणी "क्षमा असावी" म्हणणार. त्यानंतर आत्या अशी निश्चल पडली की मेकअपच्या मुलीने घाबरून तिच्या नाकासमोर बोट धरलं.

"खुनी कोण ते मात्र सांगणार नाही," निघताना मल्हार हसून म्हणाला. "तेही बदललंय."

"छट्, डॉक्टर आहे," आत्या म्हणाली. "मला ठाऊक आहे."

इथवर सगळं सुरळीत झालं, असं म्हणायला हरकत नव्हती. पण दिवसभर मरून आत्या दमली होती. ओठांचा निळा रंग साबणाने निघेना, तेव्हा घरी जाऊन खोबरेल लावू असं ठरवून आम्ही रिक्षात बसलो. वारा लागू नये म्हणून मी तिला पांढऱ्या शालीत नीट गुंडाळलं. पाच मिनिटांत तिला गाढ झोप लागली आणि मान माझ्या खांद्यावर कलंडली. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग तो देवाचं नाव घ्यायला लागला. मी त्याला धीर देण्यासाठी म्हणालो, "घाबरू नका, सकाळपासून मेली आहे. म्हणजे, टीव्हीसाठी."

वाक्याचा दुसरा भाग त्याने ऐकला नाही. रिक्षा सरळ के. आर. पुरमच्या पोलीस स्टेशनात शिरली.

तिथल्या हवालदारांनी आधी नोंद केली आणि मग बाहेर येऊन पाहिलं, हा त्यांच्या कामाचा क्रम. तोवर आत्या जागी होऊन शाल सावरत उतरली होती. "उमाजी, घर आलं का रे?" म्हणून तिने निळ्या ओठांनी विचारलं, तेव्हा रिक्षावाला भाडं न घेता पायीच पळाला. पण हवालदार डगमगले नाहीत.

"बॉडी आली असं लिहिलं आहे," ते म्हणाले. "आता बॉडी कुठे गेली म्हणून साहेब मला विचारतील."

"पण ही बॉडी नाही, ही माझी आत्या आहे! जिवंत आहे!"

"ते दिसतंय. पण तसं लिहिलेलं नाही."

साहेब बंदोबस्ताला गेले होते. ते येईपर्यंत मला बाकावर बसवण्यात आलं. आत्याला खुर्ची आणि चहा मिळाला, आणि तिने हवालदारांना दिनमणींनी असल्या प्रसंगी काय केलं असतं ते समजावून सांगितलं. साहेब आल्यावर प्रश्न सुटला. 'सदर मयत इसम स्वतः चालत घरी गेला' असं खाली लिहून मला सही करायला लावली. स्टोअर्समध्ये आजवर मी पुष्कळ कागदांवर सह्या केल्या आहेत, पण इतक्या जड हाताने कधी केली नव्हती.

आत्या मात्र खुशीत होती. "सरकारदरबारी मेले की नाही? रिक्षावाला तर जवळजवळ रडलाच!"

हयवदनरावांनी दावा फेटाळला. रिक्षावाला रक्ताचा नाही, आणि भीतीचं रडणं दुःखात धरत नाहीत. आत्याचा चेहरा उतरला. तिने थेंबांची बाटली चाचपडत उचलली आणि परत ठेवताना ती खाली पडली, कारण टेबलाची कड तिला दिसली नव्हती.

मालिकेचा भाग लागण्याच्या दिवशी कळलं की आमच्या केबलवर ते मराठी चॅनेलच येत नाही. केबलवाला कल्लाप्पा म्हणाला, "सार, एक घालायचं तर एक काढायला पाहिजे. कुठलं काढू?" हा प्रश्न मी गल्लीत टाकला ही माझी चूक. नाचगाण्याचं काढा म्हटलं तर पोरं भांडायला आली. क्रिकेटचं काढा म्हटलं तर त्यांचे बाप. हयवदनरावांनी प्रवचनाच्या चॅनेलवर बोट ठेवलं आणि लगेच त्यांच्या पत्नी दारात उभ्या राहिल्या. शेवटी कल्लाप्पालाच विचारलं, आत्याच्या डोळ्यांचं सगळं सांगितलं. तो डोकं खाजवून म्हणाला, "अज्जींसाठी? सरी, चालेल, माझ्या बायकोचं सिनेमाचं काढतो. तासभरच. ती माहेरी गेली आहे."

रात्री आठला आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आनेकलकर सगळे, कारण ते अजून होतेच. शिवाय अर्धी गल्ली. आत्या टीव्हीला नाक लावून बसली होती, तेवढंच तिला दिसायचं. सुरुवातीचं संगीत वाजलं, रेशमी साडीतली आत्या पडद्यावर आली, तिने कॉफीचा घोट घेतला आणि सोफ्यावर कलंडली.

हॉलमध्ये एकच जल्लोष झाला. गिरीराजने शिटी मारली. त्याची मुलं "अज्जी मेली! अज्जी मेली!" म्हणत नाचायला लागली. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या, आणि त्या जाहिराती लागेपर्यंत थांबल्या नाहीत.

आत्या मागे वळली. एकेकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ती बघत होती. सगळे हसत होते. नयना आत पळाली आणि चिरलेल्या कांद्याची ताटली घेऊन आली, पण हयवदनरावांनी हात वर केला. "कांद्याचं बाद."

मी रडायचा प्रयत्न केला. मनापासून केला. वडिलांचं आजारपण आठवलं, राहून गेलेलं प्रमोशन आठवलं. पण अकरा वर्षांच्या राजेपणाचा काही उपयोग झाला नाही, डोळे कोरडे. आत्या पुन्हा टीव्हीकडे वळली. तिचे खांदे एवढेसे झाले होते. आता ती ऑपरेशनला येत नाही, डोळा जाणार, आणि मी काहीच करू शकलो नाही, या विचाराने मला स्वतःचा भयंकर राग आला.

पडद्यावर जीन्समधल्या दिनमणीने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं. "क्षमा असावी," तो म्हणाला. "खुनी डॉक्टर नाहीत. बाईंना कॉफी करून देणारा माणूस एकच. त्यांचा भाचा, ज्याला त्यांनी लहानाचा मोठा केला!"

हॉलमध्ये कोणीतरी "हां!" केलं. आणि त्यामागून एक हुंदका ऐकू आला.

आत्या रडत होती. पदराचा बोळा तोंडाशी धरून, अंग गदगदून रडत होती.

"मेल्या!" ती पडद्यावरच्या भाच्याला म्हणाली. "अरे, गोवर आला होता तुला, तेव्हा मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं तिने! शाळेत जायला घाबरायचास, तर फाटकाबाहेर शाळा सुटेपर्यंत उभी राहायची! तुझ्या लग्नात स्वतःच्या पाटल्या मोडल्या, कोणाला बोलली नाही! आणि तिला विष घालतोस? बिचारी गं! बिचारी म्हातारी!"

यातलं एक अक्षरही मालिकेत नव्हतं. गोवर मला आला होता. फाटकाबाहेर आत्या माझ्यासाठी उभी असायची. पाटल्यांचं तर मला आजवर माहीतच नव्हतं. नयनाने माझ्याकडे पाहिलं. माझे इतका वेळ कोरडे असलेले डोळे आता पुसूनही थांबेनात, आणि हॉलमध्ये कोणीच हसत नव्हतं.

हयवदनरावांनी खाकरून घसा साफ केला. "रक्ताचं माणूस आहे," ते म्हणाले. "स्वतःपेक्षा जवळचं रक्त कुठलं? रडणं मनापासूनचं आहे. पाणी आलेलं आहे. झालं. सुटलात, सोयराक्का." मग जरा थांबून, माझ्याकडे बघून, "आणि उमाजींचंही धरायला हरकत नाही," असं म्हणून त्यांनी स्वतःचा चष्मा पुसायला काढला.

ऑपरेशन झालं. डॉक्टर शिवानींनी पट्टी सोडली तेव्हा मी घरून थर्मासमध्ये कॉफी घेऊन उभा होतो. आत्याने डोळा मिचकावला, खिडकी पाहिली, पंखा पाहिला, भिंतीवरचं कॅलेंडर अक्षर लावून वाचलं. मग माझ्याकडे बघत राहिली.

"केस किती पिकले रे तुझे, उमाजी," ती म्हणाली. "कोणी सांगितलं नाही मला."

कॉफी ओतून मी कप तिच्या हातात दिला. तिने तो नीट धरला, वाफ पाहिली, मला पाहिलं, आणि कप माझ्यापुढे केला.

"आधी तू घोट घे."

मी घेतला. मी पडतो का ते तिने थोडा वेळ नव्या डोळ्याने बारकाईने पाहिलं, आणि मग उरलेली कॉफी प्यायली.